पणजोबाची नोंद कुणाच्या मालकीची? शिराळा पेट्यापासून २०२३ च्या कायद्यांपर्यंत

वंशावळ हा महाराष्ट्रात दोन प्रकारच्या माणसांचा विषय आहे. एकाला ती मिरवायची असते आणि दुसऱ्याला ती सिद्ध करायची असते. पहिल्याच्या घरी ती फ्रेम करून भिंतीवर लावलेली असते. दुसऱ्याला ती प्रतिज्ञापत्र म्हणून लिहून द्यावी लागते, आणि तिच्यातला एक कान-मात्रा चुकला तर मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडकतो. आम्ही या दुसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दल लिहीत आहोत. कारण ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत एकाच दिवशी, ११ तारखेला, दोन कायद्यांवर राष्ट्रपतींची सही झाली आणि त्या दोन्ही कायद्यांचा धागा थेट शिराळ्याच्या महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसाच्या पणजोबापर्यंत जातो. तसे कुणी आपल्याला सांगितले नाही. वर्तमानपत्रांनी एकाला ‘जन्मदाखला आता एकच पुरावा’ असे मथळे दिले, दुसऱ्याला ‘तुमचा डेटा आता सुरक्षित’. आपल्या चळवळीतही यावर फारशी चर्चा झाली नाही. म्हणून हा लेख जरा मागून, इतिहासापासून सुरू करावा लागतो.

आधी हेळव्यापासून. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात अजूनही एखाद्या वर्षी हेळवी येतो. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा. बैलावर बसून, बासनात बांधलेल्या वह्या घेऊन तो दारात येतो आणि घराण्याच्या दहा-बारा पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो. मूळ गाव कोणते, कोणता भाऊ कुठे गेला, कुणाला किती मुलगे. त्याला धान्य, पैसा, कपडा मिळतो. पण हेळव्याच्या वहीत कोण असतो? जो बिदागी देऊ शकतो तो. ज्याची जमीन आहे, ज्याला वाटणीच्या भांडणात भाऊबंदकीचा पुरावा लागतो तो. पंढरपूर-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्यांचीही तीच गोष्ट. ज्यांना देवळाची पायरी १९४७ पर्यंत चढू दिली नाही, त्यांची नावे बडव्यांच्या वहीत शोधायला जाऊ नये. आमच्या वाट्याला गावगाड्याने इतिहास लिहिणारा दिलाच नाही.

आणि गंमत बघा. हा हेळवी स्वतः महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. त्याच्या मुलाला शिष्यवृत्ती हवी असेल तर त्याने २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा आणायचा. दुसऱ्यांच्या बारा पिढ्या ज्याच्या पाठीवर, त्याच्या स्वतःच्या आजोबाची नोंद कोणत्या गावात? तो तर बैलावर होता. त्याने लिहिलेली वही मराठ्याच्या कोर्टकज्जात पुरावा म्हणून बघितली जाते, पण त्याची स्वतःची जात सांगायला तीच वही पुरत नाही.

मग आमची नोंद कुठे झाली? सरकारात झाली, आणि ती आमच्यासाठी झालेली नव्हती. १८४८-४९ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि शिराळा इंग्रजी मुलखात आला. साताऱ्याच्या जुन्या गॅझेटियरात शिराळा स्वतंत्र तालुका नाही, तो वाळवा तालुक्याचा पेटा आहे. वारणेच्या पलीकडे कोल्हापूर संस्थान. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने गावोगाव जन्म-मृत्यू लिहायला सुरुवात केली, कारण पटकी किती माणसे मारते, देवी किती मारते हे त्यांना आरोग्य खात्यासाठी मोजायचे होते. पुढे प्लेग आला, १९१८ ची मानमोडी आली. माणूस मोजला गेला तो मुख्यतः मेला म्हणून. ही गावची नोंदवही पोलीस पाटलाकडे. तिलाच पुढे महसुली भाषेत गाव नमुना १४ म्हणतात आणि आपली माणसे तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात.

कोतवाल बुक! हे नावच सगळे सांगते. गावात कुणाकडे पोर झाले, कुणाकडे मयत झाले ही वर्दी चावडीवर द्यायची कुणी? महाराने. मयताची खबर घेऊन परगावी पाव्हण्यांकडे उन्हातान्हात पळायचे कुणी? महाराने. म्हणजे अख्ख्या गावाच्या जन्म-मरणाची बातमी ज्याने आणली, त्याच्या हातात लेखणी नव्हती. त्याने तोंडाने सांगितले आणि दुसऱ्याने लिहिले. त्याच्या स्वतःच्या घरच्या पोराची नोंद कशी लिहिली गेली ते ज्यांनी अशा वह्या पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. बाळाचे नाव नाही, कारण बारसे व्हायचे होते. बापाचे नाव एकेरी. पाटलाच्या घरचा ‘धोंडीराव’, माळ्याचा ‘धोंडीबा’ आणि आमचा ‘धोंड्या’. आडनाव नाही. आडनावाच्या जागी जात. आई म्हणजे ‘धोंड्याची बायको’. आज महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले, चांगले झाले, पण शंभर वर्षांपूर्वीच्या वहीतल्या आमच्या बहुतेक आया निनावी गेल्या.

त्याच काळात साहेबासाठी वेगळा कायदा होता. १८८६ चा जन्म, मृत्यू व विवाह नोंदणी कायदा हा प्रामुख्याने युरोपियन आणि ख्रिस्ती लोकांना डोळ्यासमोर ठेवून केलेला. त्यात नोंदींच्या सूची तयार करायच्या, त्या मध्यवर्ती कार्यालयात ठेवायच्या आणि फी भरणाऱ्या कोणत्याही माणसाला त्या पाहू द्यायच्या अशी स्पष्ट तरतूद होती. म्हणजे लंडनहून आलेल्या माणसाचा नातू मुंबईत येऊन आजोबाचे नाव सूचीत बोट फिरवून शोधू शकेल ही व्यवस्था १८८६ सालीच विचारात घेतलेली. शिराळ्याच्या मांगाच्या नातवाला कधीकाळी आजोबा शोधावा लागेल हे मात्र कुणाच्या मनात आले नाही.

मांग समाजाची तर आणखी एक वही होती. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, तो १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यातही लागू झाला. वारणा खोऱ्यात मांग, रामोशी यांच्या पाठीमागे हजेरीचा ससेमिरा लागला. पोलीस पाटलापुढे हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर विचारून सोडायचे. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० ला जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी हे सगळे आपल्या साहित्यात आणले आणि ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. या हजेरीच्या कागदांत माणसांची नावे आहेत, वये आहेत, बापांची नावे आहेत. ज्या कागदाने आजोबाला जन्मजात गुन्हेगार ठरवले, तोच कागद नातवाच्या जातीचा चांगला पुरावा ठरू शकतो. पण तो मागायला जायचे कुठे?

महारांसाठी आणखी एक कागद होता, वतनाचा. १८७४ चा वंशपरंपरागत वतन कायदा. वतनदारांची नोंद ठेवायची, वारस लावायचे. महारकीच्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात अख्ख्या घराण्याला रात्रंदिवस राबवायचे हा तो सौदा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात हा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले ते उगीच नाही. वारणेच्या पलीकडे शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतने मोडून जमिनी रयतावा करून दिल्या. अलीकडे आमच्या बाजूला त्यासाठी १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा यावा लागला. नदी एक, दोन्ही काठांना सोयरिक, आणि कागद दोन वेगवेगळ्या राज्यांचे. आजही आजीकडची नोंद कोल्हापूरच्या दप्तरात आणि आजोबाकडची साताऱ्याच्या, अशी कितीतरी घरे शिराळ्यात आहेत. कायदा मात्र मुख्यतः बापाच्या बाजूचाच कागद मागतो. मनूची पोथी आम्ही महाडला जाळली, पण पितृवंशाचा त्याचा हिशेब महसूल खात्यात शाबूत आहे.

शाळेचे रजिस्टर हा आणखी एक पुरावा, आणि तो आपल्या सगळ्यांना परिचित आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव घातले गेले. रजिस्टर क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ते रजिस्टर जपून ठेवले गेले, म्हणून आपण त्यापुढे नतमस्तक होतो. पण जरा विचार करा. वडिलांचे आडनाव सकपाळ. मुलाच्या नोंदीत आंबेडकर. मुलाचा जन्म महूचा, मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातले, शाळा साताऱ्याची. आजच्या जात पडताळणी समितीपुढे ही फाइल गेली असती तर पहिला शेरा काय पडला असता? ‘वडिलांच्या व अर्जदाराच्या आडनावात तफावत, वास्तव्याचा पुरावा नाही, त्रुटीपूर्तता करावी.’ आमच्या हजारो मुलांना हाच शेरा मिळतो, आणि त्यांच्याकडे साताऱ्याचे रजिस्टर नसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख. राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशीचा. त्या दिवशी किंवा त्यापूर्वी तुमचे घराणे या राज्यात होते आणि त्या जातीचे होते हे दाखवा. २००७ मध्ये जन्मलेल्या मुलीने तिच्या जन्माच्या ५७ वर्षे आधीचा कागद आणायचा. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्र कायदा २००० सालचा, त्याचे कलम ८ म्हणते की सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. त्याआधी १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथकाची पद्धत घालून दिली होती. बोगस प्रमाणपत्रवाल्यांनी आमच्याच जागा लाटल्या हे खरे आहे, त्यामुळे पडताळणीला आमचा विरोध नाही, कधीच नव्हता. आणि मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात संरक्षण समितीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नाही आणि संविधानपूर्व काळातल्या कागदांचे पुराव्यातले वजन सर्वांत जास्त आहे. चांगला निकाल आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की ज्याच्याकडे जुना कागद, तो तरला. जुना कागद कुणाच्या ताब्यात आहे? सरकारच्या. म्हणजे सरकार आपल्याला म्हणते की पुरावा आण, आणि तो पुरावा सरकारच्याच अभिलेख कक्षात, सरकारच्याच कुलपात. सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकणाऱ्या कायद्याने कागद दाखवण्याचा भार सरकारवर टाकलेला नाही.

बौद्धांची स्थिती तर आणखी विचित्र. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या ओळखीचा त्याग केला, तीच ओळख कागदावर शोधत नातवाने तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली, म्हणजे ३४ वर्षे. आणि सवलत मिळाली तरी पुरावा ‘महार’ लिहिलेलाच हवा. चळवळीच्या जोशात ज्यांनी शाळेत मुलाची जात फक्त ‘बौद्ध’ लिहिली, त्या स्वाभिमानी बापांच्या नातवंडांना आज त्रास होतो. आणि ज्यांच्या मास्तराने गांधीजींच्या प्रेमाने ‘हरिजन’ लिहिले त्यांना वेगळा त्रास, कारण हरिजन ही यादीतली जातच नाही. आम्ही काहींना असे म्हणताना ऐकतो की ‘मग जातीचा कागद कशाला शोधता, तुम्ही तर जात मोडली ना?’ जात आम्ही मोडली. गावाने मोडलेली नाही. खोली भाड्याने देताना आडनाव विचारणाऱ्याने मोडलेली नाही. ज्या दिवशी तो मोडेल त्या दिवशी आम्ही कोतवाल बुक मागणार नाही.

शिराळ्यात हा शोध आणखी अवघड का होतो, तेही सांगितले पाहिजे. कागद ज्या जिल्ह्याच्या नावाने बांधले गेले तो जिल्हाच बदलत गेला. १९४९ पर्यंत सातारा. संस्थाने विलीन झाली तेव्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा. १९६० पासून सांगली. त्यातून शिराळा आधी वाळव्याचा पेटा. म्हणजे १९२५ ची नोंद कधी शिराळ्यात, कधी वाळव्याच्या जुन्या दप्तरात, कधी साताऱ्यात शोधावी लागते. दुसरे, १९४२ नंतरच्या लढ्यात सातारा जिल्ह्यात अनेक चावड्यांची दप्तरे जाळली गेली. प्रतिसरकारच्या लढ्याबद्दल आम्हाला आदर आहे, पण ज्या दप्तरात सावकाराचा आणि इंग्रजाचा कागद जळला त्याच दप्तरात आमच्या आजोबांचा जन्मही ठेवलेला असायचा, याची नोंद कुणी इतिहासकार घेत नाही. तिसरे, चांदोली. वारणेवरच्या धरणाने आणि पुढे अभयारण्य-राष्ट्रीय उद्यानाने गावेच्या गावे उठली. माणसे दुसऱ्या तालुक्यातल्या वसाहतीत, नोंद मात्र जे गाव आता पाण्याखाली किंवा जंगलात आहे त्याच्या नावाने. ‘तुमच्या गावच्या तलाठ्याचा दाखला आणा’ असे विस्थापिताला सांगणाऱ्या कारकुनाला आपण काय बोलतो हे तरी कळते का? आणि चौथी अडचण मोडीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारभारात मोडी चालली. आज तालुक्याच्या ठिकाणी मोडी वाचणारा मिळत नाही. मिळाला तर त्याचे पैसे अर्जदाराने द्यायचे.

या अडचणी सुटू शकत नाहीत असे मात्र कुणी सांगू नये. २०२३ साली महाराष्ट्राने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी मराठवाड्यापुरती, मग सगळ्या राज्यासाठी. अभिलेख कक्ष उघडले गेले. मोडी वाचणारे शोधून आणले गेले. गाव नमुना १४, शाळांची रजिस्टरे, हक्कनोंदी, तुरुंगाचे, पोलिसांचे कागद तपासले गेले. कोट्यवधी कागद पालथे घालून लाखो कुणबी नोंदी सापडल्या आणि त्या स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. वंशावळ जुळवून द्यायला तालुका पातळीवर समित्या नेमल्या गेल्या. २६ जानेवारी २०२४ ला ‘सगेसोयरे’ची व्याख्या करणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय झाला, आणि सातारा गॅझेटची मागणी आपल्या भागात अजून गाजते आहे.

गरीब मराठ्याला नोंद सापडली याचे आम्हाला दुःख नाही. शेतकऱ्याच्या पोराला आजोबाचा कागद मिळत असेल तर तो मिळालाच पाहिजे. कुणबी नोंदींचा आरक्षणाशी संबंध काय आणि किती, हा ओबीसी बांधवांचा रास्त प्रश्न आहे आणि तो वेगळा लेख आहे. आमचा प्रश्न सरकारला आहे. जी वही उघडली, जे पान उलटले, त्याच पानावर कुणबी नोंदीच्या वर-खाली महार, मांग, चांभार, रामोशी, कैकाडी अशाही नोंदी होत्या. कारकुनाचे बोट त्यांच्यावरून फिरले आणि पुढे गेले. एकाच वेळी सगळ्या नोंदी स्कॅन करायला किती खर्च जास्त आला असता? पान तर तेच होते! सत्तर वर्षे आम्ही ‘नोंद आढळत नाही’ हा शिक्का घेऊन परत जात होतो. एका बलाढ्य समाजाने आवाज दिल्यावर काही महिन्यांत कळले की नोंद आढळते, शोधायचे मनात असले की आढळते.

आता त्या ११ ऑगस्ट २०२३ कडे येऊ.

पहिला कायदा जन्म-मृत्यू नोंदणी दुरुस्तीचा. मूळ कायदा १९६९ चा. त्याचे कलम १७ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. राज्याच्या नियमांना आणि फीला अधीन राहून ‘कोणतीही व्यक्ती’ रजिस्टरातल्या नोंदीचा शोध घ्यायला लावू शकते, अशी त्याची भाषा. वारसच पाहिजे, वकीलच पाहिजे असे त्यात नाही. फक्त मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करायचे नाही एवढे बंधन, आणि ते योग्यच आहे. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, देशपातळीवर आणि राज्यपातळीवर जन्म-मृत्यूचा डेटाबेस उभा करायचे ठरवले. तो डेटाबेस कुणाला मिळणार? लोकसंख्या नोंदवही, मतदारयादी, आधार, रेशन, पासपोर्ट, वाहन परवाना, मालमत्ता नोंदणी सांभाळणाऱ्या यंत्रणांना, केंद्राच्या मंजुरीने. म्हणजे यंत्रणेने माणसाला पाहायची सोय मोठी झाली. माणसाने आपला वंश पाहायची सोय होती तेवढीच राहिली, आणि तीही जुन्या वह्यांसाठी नाही. एका वर्षापेक्षा जास्त उशिरा केलेल्या नोंदीचा आदेशही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून काढून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. ज्यांच्या घरी दाई आली आणि चावडीवर कुणी गेले नाही, असे कुणाचे घर असते हे वाचकांना सांगायला नको.

दुसरा कायदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा. त्याच्या पोटात, कलम ४४(३) मध्ये, माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलून टाकले आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला दाखवावे लागे की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे वाक्य होते. हे सगळे गेले. आता उरले एवढेच की वैयक्तिक माहिती असेल तर ती द्यायचे बंधन नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम निघाले आणि ही दुरुस्ती अमलात आली. जन्माची नोंद, जात, बापाचे नाव यापेक्षा वैयक्तिक ते काय असते? नाकारायला निमित्त शोधणाऱ्या बाबूला छापील निमित्त मिळाले.

इथे खासगीपणाच्या बाजूचे म्हणणे टाळून चालणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्याची गरज आपल्याइतकी कुणाला नाही. जात लपवून शहरात नोकरी करणारा, घर घेणारा आपला माणूस आहे. उद्या कुणी सगळ्या महाराष्ट्राच्या जातीच्या नोंदी शोधायला सोप्या करून इंटरनेटवर टाकल्या, तर आडनावावरून जात काढणाऱ्या टोळक्यांच्या हातात आपण कोलीत देऊ. संकेतस्थळावर टाकलेल्या कुणबी नोंदींना हा धोका नव्हता, कारण कुणबी म्हणून ओळख पटल्याने कुणाला घर नाकारले जात नाही. आपल्याला नाकारले जाते. म्हणून सरसकट सगळे उघडा असे आम्ही म्हणणार नाही. हयात माणसाची नोंद त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देऊ नये. पण १९२८ साली जन्मलेल्या आणि कधीच निवर्तलेल्या माणसाची नोंद त्याच्या नातवाला नाकारणे म्हणजे खासगीपणाचे रक्षण कसे होते? कुणाचा खासगीपणा? मेलेल्या आजोबाचा, त्याच्या नातवापासून?

जगात इतरांनी यावर वाटा काढल्या आहेत. इंग्लंडात १८३७ पासूनच्या जन्म-मृत्यूच्या सूची लोकांना पाहता येतात आणि जनगणनेची घरपत्रके शंभर वर्षांनी खुली होतात; १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ सांगते की ही घरपत्रके पाहायला मागता येणार नाहीत आणि पुराव्यातही येणार नाहीत, आणि त्याला कोणतीही मुदत नाही. म्हणजे २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाईल, ती हवीच आहे, पण त्या पत्रकातली नोंद तुमच्या पणतूच्या कामाला कधीच येणार नाही.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांची कथा तर आपल्या फार जवळची. १८५० आणि १८६० च्या तिथल्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रके होती. मालकाचे नाव लिहायचे आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग, रंग. बहुतेकांची नावेच नाहीत. १८७० च्या जनगणनेत ही मुक्त झालेली माणसे पहिल्यांदा नावानिशी आली. म्हणून आजही आपले पूर्वज शोधणारा काळा माणूस १८७० च्या भिंतीला येऊन थडकतो. तरी त्या देशाने मुक्त गुलामांसाठीच्या खात्याचे, फ्रीडमेन्स ब्युरोचे कागद जपले, सूची केल्या, लोकांसाठी उघडले. मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांची रजिस्टरे आहेत, त्यांत बापाचे नाव, जात, गाव लिहिलेले आहे. तिथे समुद्रापार गेलेल्या मजुराचा कागद टिकला. इथे गावकुसाबाहेर राहिलेल्याचा वाळवीने खाल्ला.

महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख कायदाही आहे, २००५ सालचा. सरकारी अभिलेख गहाळ करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘जीर्ण झाल्याने नोंद उपलब्ध नाही’ असे लिहून देणाऱ्या किती कार्यालयांनी त्या वह्या जीर्ण कशा झाल्या याचा खुलासा दिला? हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या त्या बाईलाही विचारायचा आहे, जिचे पद मुदतीत वैधता प्रमाणपत्र आले नाही म्हणून जाते आणि गावातला पराभूत पॅनेल फटाके वाजवतो.

कार्यकर्त्यांसाठी शेवटी कामाचे. माहिती अधिकारातला अर्ज ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून फेटाळला गेला तर अपिलात कलम ८(३) लिहा. अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांच्या आधी घडलेल्या घटनेची माहिती देणे बंधनकारक आहे, अपवाद फक्त ८(१) मधले (क), (ग) आणि (झ), म्हणजे देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. वैयक्तिक माहितीचे कलम त्या अपवादांत नाही, आणि २०२३ च्या कायद्याने ८(३) ला हात लावलेला नाही. सार्वजनिक हिताचे कलम ८(२) ही अजून जागेवर आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी मात्र माहिती अधिकाराच्या आधी १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ खाली साधा शोध-अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. जुनी वही तहसीलच्या अभिलेख कक्षात असेल, ग्रामपंचायतीत नाही, म्हणून ग्रामसेवकाकडे चकरा मारण्यात दिवस घालवू नका. अर्जात नुसते ‘शिराळा, जिल्हा सांगली’ लिहिले तर शोधणारा १९६० च्या मागे जातच नाही. ‘पेटा शिराळा, तालुका वाळवा, जिल्हा सातारा’ असे लिहा, १९४९ नंतरच्या वर्षांसाठी ‘दक्षिण सातारा’ असेही लिहा, विस्थापितांनी उठलेल्या गावाचे जुने नाव लिहा. आणि नावाच्या रकान्यात आजोबाचे आजचे आदराचे नाव एकटे लिहू नका. त्या वहीत पाटलाने ते जसे लिहिले असेल तसे, धोंड्या तर धोंड्या, तेही शेजारी लिहा.